आधी गाडी उचलून खालून बघा

रत्नागिरी, लांजा, संगमेश्वर, राजापूर या पट्ट्यात ज्यांच्या अंगणात दहा-पंधरा वर्षांची एमएच-०८ नंबरची बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो नाहीतर क्वालिस उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मिस्त्रीने लाख-दीड लाखाचा आकडा सांगितलेला असतो. घरात दोन मतं पडतात. मुलगा म्हणतो विकून टाका, बाबा म्हणतात इंजिन अजून टकाटक आहे. मग सगळे अंगणात जमतात, बॉनेट उघडतं, गाडी चालू करून रेस मारली जाते आणि आवाज ऐकून निर्णय होतो. माझी विनंती एवढीच आहे की बॉनेट तूर्त बंद राहू दे. आधी गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून बघा.

आपल्याकडे गाडी इंजिनाने कमी आणि गंजाने जास्त मरते. पुण्या-सोलापुरातला माणूस जुन्या गाडीचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतो. आपण ते पावसाळ्यांत मोजलं पाहिजे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने न वाळणारा चिखल आणि बाराही महिने समुद्रावरून येणारी खारी हवा. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांतही पत्र्याच्या सांध्यांत गंजाचं काम चालूच असतं. मिरकरवाडा, भाट्ये, पावस, जयगड अशा किनारपट्टीला उभी राहणारी गाडी आणि साखरप्याला उभी राहणारी गाडी एकाच वर्षी घेतलेल्या असल्या, तरी खालून दोघींच्या वयात फरक दिसतो. त्यात गाडीत कधी बर्फातली मासळी वाहिली असेल, किंवा पाहुण्यांच्या हौसेखातर गाडी वाळूत उतरवून लाटांपर्यंत नेली असेल, तर विचारायलाच नको. मासळीच्या पेटीतून गळलेलं पाणी मॅटखाली शिरतं आणि तिथेच राहतं.

या सगळ्या गाड्यांची बांधणी साधारण एका पद्धतीची. खाली पोलादी चासी, तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, आणि वर वेगळी बसवलेली बॉडी. सुमो १९९४ साली आली, क्वालिस आणि बोलेरो २००० साली, स्कॉर्पिओ २००२ मध्ये. खराब रस्त्यांवर त्या इतकी वर्षं तग धरून राहिल्या त्या या बांधणीमुळेच. इंजिन उतरवून नव्याने भरता येतं, गिअरबॉक्स दुसरा बसवता येतो, दरवाजे बदलता येतात. चासी मात्र एकच असते. तिच्यावर ठोकलेला नंबर म्हणजे आरटीओच्या लेखी तुमची गाडी. ती सडली असेल, तर वर केलेला कुठलाही खर्च म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला रंग.

तपासणी अवघड नाही. एखाद्या ओळखीच्या, पण या कामात स्वतःचा फायदा नसलेल्या मिस्त्रीकडे जा. म्हणजे ज्याने एस्टिमेट दिलंय त्याच्याकडे नको, दुसऱ्याकडे. गाडी आदल्या दिवशी खालून प्रेशरने धुऊन घ्या. मिस्त्रीला पाहणीचे पैसे आधीच द्या, फुकटात बघायला लावू नका, कारण फुकट बघणारा पाच मिनिटांत बघतो. त्याच्या हातात एक लहान हातोडी आणि एक पेचकस हवा. चासीच्या दोन्ही लांब दांड्यांवर पुढून मागे हातोडी टकटकवत जायचं. चांगला पत्रा टणटणीत वाजतो. सडलेला पत्रा बसकं बोलतो, ढब्ब असा. जिथे आवाज बदलला तिथे पेचकसाचं टोक दाबायचं. पापुद्रा सुटून खाली चकचकीत लोखंड दिसलं तर काळजी नाही, तो वरवरचा गंज. टोक आत रुतलं, तर गोष्ट गंभीर आहे. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चासीला धरतात, ती जागा नीट बघायची. चासीची दांडी आतून पोकळ असते आणि चाकाने उडवलेली लाल माती भोकांतून आत जाऊन बसते. पाऊस संपून तीन-तीन महिने झालेले असतात, तरी पेचकसाने उकरलं की आतून ओला लाल गोळा बाहेर पडतो. त्या गोळ्याच्या मागचा पत्रा बाहेरून काळा, रंगवलेला, ठीकठाक दिसत असतो.

आणखी तीन जागा. स्टिअरिंगचा बॉक्स चासीला जिथे बोल्टने धरलाय तो भाग, बॉडी चासीवर ज्या रबरी गाद्यांवर बसते त्यांच्या आसपासचा पत्रा, आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या. नळ्या बदलणं किरकोळ काम आहे, पण न बदलणं महागात पडतं. फ्लोअरचा पत्रा, चाकावरची कमान, दरवाजाची खालची कड सडली असेल तर घाबरू नका. ते पत्राकाम आहे, आपल्याकडे ते उत्तम करणारे लोक आहेत. पण मुख्य दांडीच पाट्याच्या ब्रॅकेटपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्सपाशी पोकळ झाली असेल, तर तिथे वरून पट्टी मारून वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डिंगला धरायला जाड पत्रा शिल्लक लागतो, आणि नेमका तोच शिल्लक नसतो. पट्टी दिसायला भक्कम दिसते आणि तिच्या कडेने पुढची चीर जाते. असं निघालं तर निर्णय झाला. पुढचा दुरुस्तीचा भाग वाचला नाही तरी चालेल, थेट शेवटच्या कागदपत्रांकडे या.

काळं अंडरकोटिंग हा आणखी एक घोटाळा. पावसाच्या तोंडावर बरेच जण गाडी खालून काळी करून आणतात आणि निर्धास्त होतात. नव्या गाडीवर किंवा गंज पूर्ण खरवडून, प्रायमर मारून केलेलं कोटिंग उपयोगाचं असतं. जुन्या गंजावर थेट फासलेलं कोटिंग ओलावा आत कोंडतं आणि गंज झाकून ठेवतं. जुनी गाडी विकत घेताना खालून एकदम ताजी काळी दिसली, तर खुश होण्याऐवजी पेचकस जास्त ठिकाणी टोचून बघा.

चासी पास झाली असं धरू. आता बॉनेट उघडा. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाबांच्या बाजूने आहे. जुनी डिझेल इंजिनं दुरुस्त होतात, पुन्हापुन्हा होतात. गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर भसाभसा येत असेल, आणि धक्क्याधक्क्याने झाकण उडू पाहत असेल, तर रिंगा-पिस्टन झिजलेत, कंप्रेशन खाली उतरतंय. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर बहुतेकदा नोझल, पंप किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरचा असतो आणि त्यासाठी इंजिन खोलायची गरज नसते. पांढरा धूर आणि सोबत रेडिएटरचं पाणी कमी होणं, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसणं, म्हणजे हेड गॅस्केटकडे संशय. काळा धूर बघून फुल इंजिनचं एस्टिमेट काढणारा मिस्त्री भेटला, तर नम्रपणे चहा पिऊन निघा.

मग हिशोब. बहुतेक लोक इथे एकच वाक्य बोलतात: ‘गाडीची किंमतच दोन लाख, तीत पावणेदोन लाख कशाला घालायचे?’ ऐकायला बिनतोड वाटतं, पण तुलना चुकीची आहे. तुम्ही गाडी विकायला दुरुस्त करत नाही, चालवायला करताय. म्हणून दुरुस्तीच्या आकड्याशेजारी विक्रीची किंमत मांडू नका, दुसरी गाडी घेतली तर येणारा वर्षाचा खर्च मांडा. समजा एस्टिमेट एक लाख ऐंशी हजारांचं आहे. समजा नवी गाडी साडेआठ लाखांची आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी डिझेल गाडीवर १३ टक्के रस्ता कर आहे, म्हणजे एक लाख दहा हजार रुपये नुसते करात. नऊ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता १८,९०० च्या आसपास येतो. म्हणजे तुमची अख्खी दुरुस्ती साडेनऊ हप्त्यांत बसते. दुरुस्तीनंतर जुनी गाडी तीन पावसाळे काढणार असेल, तर दुरुस्ती स्वस्त आहे. एकच पावसाळा काढणार असेल, तर महाग आहे. मिस्त्रीला ‘किती खर्च’ एवढंच विचारून थांबू नका. ‘यावर किती पावसाळे’ हेही विचारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

या हिशोबाला दोन फाटे आहेत. पहिला, आधी घातलेले पैसे यात मोजायचे नाहीत. ‘गेल्या वर्षीच क्लच आणि टर्बो केलाय, आता कशी सोडायची’ असं म्हणत माणूस पुढचे साठ हजार घालतो, मग त्याच्या पुढचे चाळीस. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असाच. क्लचचे पैसे गेले, ते तुम्ही चालवून वसूल केले की नाही हा वेगळा विषय. आजपासून पुढे किती, तेवढंच बघायचं. दुसरा फाटा विम्याचा. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की तिची विमा किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, आणि अपघातानंतरचा दुरुस्ती खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. पॉलिसीवर दोन लाख लिहिले असतील, तर दीड लाखाच्या वर गेलेल्या एका धडकेत विषय संपतो. इंजिनात घातलेले पावणेदोन लाख कोणी वेगळे देत नाही. म्हणून दुरुस्तीचे पैसे हे वापरूनच वसूल करायचे असतात, ते गाडीत ‘जमा’ राहत नाहीत.

नवी घेण्याकडे ज्यांचा कल आहे, त्यांनी २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा जीएसटीतला बदल ध्यानात घ्यावा. चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी आधी उपकरासह ३१ टक्क्यांत होती, ती १८ टक्क्यांवर आली. बोलेरो या मापात बसते. स्कॉर्पिओसारखी २.२ लिटर इंजिनाची मोठी गाडी ४० टक्क्यांत जाते. त्याच दिवसापासून सुटे भागही सरसकट १८ टक्क्यांवर आले, त्यामुळे दुरुस्तीलाही तेवढा हात मिळाला. त्याआधी काढलेलं एस्टिमेट खिशात असेल तर ते नव्याने काढून घ्या.

आणि एक गोष्ट, जी शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो आपोआप साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. तुमची गाडी मारुती मंदिर ते मांडवी, बाजार, शाळा, घर एवढीच फिरत असेल तर तो फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि खर्च सुरू होतो. अशा वापराला नवी डिझेल घेण्यापेक्षा पेट्रोलची छोटी गाडी बरी. जुनी, फिल्टर नसलेली डिझेल गाडी या बाबतीत सोशिक आहे.

आता घाट. आंबा घाट, कुंभार्ली, परशुराम, भोस्ते, यांतला एक तरी तुमच्या वाटेवर असणारच. दुरुस्तीच्या यादीत ब्रेक शेवटून दुसरे असतात, ते सर्वात वर आणा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्या हवेत ओलावा भरपूर. पाणी मिसळलेलं ब्रेक ऑइल लवकर उकळतं. साखरप्याकडे उतरताना सतत ब्रेक दाबत आलात की ते चाकापाशी तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम मऊ लागतं. दर दोन वर्षांनी ते बदलायला फार पैसे लागत नाहीत. लायनर, डिस्क पॅड, व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या, आणि ते मघाचे लोखंडी पाइप, एवढं एकदम करून घ्या. आणि डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे अजूनही आहेत. त्यांना काय सांगायचं.

टायरची नक्षी खोल दिसते म्हणून टायर चांगला, असंही नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३१७ असेल तर तो २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात, आणि बाजूला बारीक चिरा पडतात. ओल्या रस्त्यावर असा कडक टायर पकड देत नाही.

अपग्रेडचा विषय निघाला की तरुण मंडळी पुढे सरसावतात. पुढे लोखंडी गार्ड, रुंद टायर, उंच केलेलं सस्पेन्शन, टपावर दिव्यांची पट्टी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बंपरवरच्या क्रॅश गार्डना मनाई केली, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गार्डचं नुकसान साधं आहे: धडकेत पुढचा भाग चेपून जो मार शोषला जायचा, तो सरळ चासीत आणि तुमच्यापर्यंत जातो. समोर पायी जाणारा माणूस असेल तर त्याचं काय होतं ते सांगायला नको. रुंद टायरांनी क्लचवर, बेअरिंगवर भार वाढतो आणि स्पीडोमीटर खोटा बोलायला लागतो. टपावरचा पांढराशुभ्र उजेड आंबा घाटातल्या धुक्यात उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

पैसे घालायचेच असतील तर कमी चमकणाऱ्या जागी घाला. जुन्या गाडीचे हेडलाइट मंद पडतात ते बऱ्याचदा बल्बमुळे नाही, जुन्या वायरिंगमुळे. रिले टाकून नवी वायर ओढली की कंपनीचाच बल्ब पुन्हा उजळतो. दिव्यांची पिवळी पडलेली कवचं बदला. वायपरचे पाते दर पावसाळ्याला नवे. एसी दुरुस्त करा, तो उन्हाळ्यापेक्षा जुलैत जास्त लागतो, कारण आतून धुकटलेली काच एसीनेच पटकन साफ होते. मधल्या सीटला पट्टे नसतील किंवा सीटखाली हरवले असतील, तर काढून, तपासून वापरात आणा. मागचा कॅमेरा लावा. अंगणात पोरं खेळतात आणि या गाड्यांना मागचं खालचं काही दिसत नाही.

पण काही गोष्टी कितीही पैसे दिले तरी जुन्या गाडीत बसत नाहीत, आणि माझ्या मते निर्णयाचं दुसरं टोक इथे आहे. एबीएस आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची त्यानंतर. तुमची २०१० ची बोलेरो किंवा २००८ ची स्कॉर्पिओ बेसिक मॉडेल असेल, तर तिच्यात यातलं काही नाही आणि गॅरेजमध्ये ते बसवून मिळत नाही. ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळून बघितली, तिला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. २०२२ च्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. नवं ते सुरक्षितच, असंही समजू नका. २०२४ मध्ये बोलेरो निओला याच संस्थेच्या चाचणीत एकच तारा मिळाला. शोरूममध्ये जाताना मॉडेलचं नाव आणि तारे दोन्ही विचारून जा.

म्हणून मी दुरुस्त करा की विका असं एकच उत्तर देत नाही. गाडी वाडीतून बागेत, बागेतून बाजारात, तालुक्याच्या गावी, चाळीसच्या वेगाने फिरते आहे, मार्च ते मे हापूसच्या पेट्या वाहते आहे, आणि चासी शाबूत आहे, तर बिनधास्त दुरुस्त करा. त्या कामाला तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. पण तीच गाडी घेऊन दर महिन्याला मुलंबाळं, म्हातारी माणसं बसवून तुम्ही मुंबई-गोवा महामार्गाने रात्रीचे जाता-येता, तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी तिला त्या कामातून मोकळी करा. रस्ता जिथे रुंद झालाय तिथे शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा वेग पूर्वीचा राहिलेला नाही. आणि मागच्या आडव्या बाकांवर पोरांना बसवून नेणं थांबवा, गाडी जुनी असो वा नवी. त्या बाकांवर बसलेल्याला धरून ठेवणारं काहीच नसतं.

चाकरमान्यांची गोष्ट निराळी. गाडी गावाला, माणूस मुंबईला. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गाडी चालते, बाकी वेळ मांगरात ताडपत्री पांघरून उभी. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. बॅटरी उतरते, रिकाम्या टाकीत ओलावा धरून डिझेलमध्ये पाणी होतं, ब्रेक चिकटतात आणि उंदीर वायरिंग खातात. आल्या दिवशी मिस्त्रीला हाक मारायची आणि सुट्टीतले दोन दिवस गॅरेजपुढे काढायचे. अशा गाडीवर लाखभर घालण्यापूर्वी विमा, पीयूसी, बॅटरी, सर्व्हिसिंग यांची वर्षाची बेरीज एका कागदावर मांडा आणि शेजारी तेवढ्या दिवसांचं गावातल्या ड्रायव्हरसह भाड्याच्या गाडीचं मांडा. बहुतेकांचा कागद भाड्याच्या बाजूने बोलेल. तरी ठेवायचीच असेल, तर भावाला किंवा शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर फिरवायला सांगा, आणि टाकी भरलेली ठेवा.

आता कागद. ‘पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात द्यावी लागणार’ ही समजूत आपल्याकडे दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरली आहे. दहा वर्षांच्या डिझेलचा तो नियम दिल्ली परिसराचा आहे, रत्नागिरीला लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि गाडी तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. चारचाकीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरच्या गाडीला ते १०,००० झालं. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये दंड. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. हे सगळं दुरुस्तीच्या आकड्यात मिळवा. एका गोष्टीचा क्रम मात्र पाळा: मुदत जवळ आली असेल तर आधी चासी आणि ब्रेक, मग आरटीओची तपासणी, आणि रंग सगळ्यांत शेवटी. रंगाला साठ हजार घालून तपासणीत अडकलेली गाडी कोणालाच नको असते. पिकअपसारख्या पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, हे बागायतदारांना सांगायला नको.

सुटे भाग मिळतील का, हेही बघून ठेवा. बोलेरो-स्कॉर्पिओची चिंता नाही. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, तरी सुमो इतक्या आहेत की भाग मिळतात. टवेरावाल्यांची अडचण जास्त, कारण कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्रीच थांबवली. अशा गाडीचं इंजिन खोलण्याआधी लागणारा भाग हातात येऊ द्या. खोलून ठेवलेली गाडी गॅरेजमागे दोन पावसाळे उभी राहिली, की ती पुन्हा भरली जाण्याची आशा सोडायची.

जुनी देऊन दुसरी जुनी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. पुरात बुडालेली गाडी साफ करून विकली जाते, आणि ती वर्षानुवर्षं हात बदलत राहते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटच्या पटऱ्यांवरचा गंज, डॅशबोर्डखालच्या वायरच्या जोडांवरचा हिरवट थर, मॅटखालचा वास, हे लपवता येत नाही. आणि अर्थात पेचकस.

विकायची ठरली तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी ‘ओळखीच्या’ माणसाला देऊन मोकळे होऊ नका. नाव बदलेपर्यंत आरसीवर नाव तुमचं असतं, आणि अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठामपणे सांगितलं आहे. घेणाऱ्याबरोबर स्वतः अर्ज दाखल करा, आणि नाव बदलल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत थोडी रक्कम राखून गाडी द्या किंवा गाडी राखून रक्कम घ्या, कसंही, पण काहीतरी हातात ठेवा. चासी गेलेली गाडी भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. तुमचा चासी नंबर कुठल्या चोरीच्या गाडीवर बसेल सांगता येत नाही. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करा. केंद्राच्या नियमांत या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. आपल्या राज्यात सध्या किती मिळते ते नवी गाडी बुक करण्याआधी आरटीओत विचारा. दावा न केल्याचा विम्यातला बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी देताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या विम्यातल्या स्वतःच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) हप्त्यात कमाल ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळवून देतं.